प्लेगचा जंतू अंगात शिरतो कसा, आणि हे कळायला शंभर वर्षं का लागली

प्लेग म्हटलं की आपल्याला पुणे, 1897, रँड आणि चापेकर एवढंच आठवतं, कारण शाळेत तेवढंच शिकवतात. पण त्याच काळात मुंबई आणि कराचीत एक वेगळाच शोध चालू होता आणि माझ्या मते तो जास्त इंटरेस्टिंग आहे. जंतू कोण हे तर 1894 लाच कळलं होतं, हाँगकाँगला साथ असताना येर्सिन आणि कितासातो या दोघांनी वेगवेगळं काम करून तो शोधला. म्हणजे सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस (मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे) यांनी हा प्लेगच आहे असं ओळखलं तेव्हा जंतूची ओळख पटून दोन वर्षं झाली होती. प्रश्न उरला होता तो हा, की हा माणसाच्या अंगात शिरतो कुठून आणि शिरल्यावर आपलं शरीर त्याला अडवत का नाही.

याचं उत्तर नसल्यामुळे सरकारने जे काही केलं ते बघितलं की आज हात कपाळाला लागतो. गटारांत कार्बोलिक ओतलं, भिंतींना चुना मारला, जमिनी खणल्या, उजेड यावा म्हणून कौलं काढली, लोकांचं सामान जाळलं, माणसं उचलून कॅम्पात नेली. सगळा भर घाण, हवा आणि माणसाच्या स्पर्शावर, आणि उंदीर मात्र या धुमाकुळात आरामात शेजारच्या घरात पळायला मोकळे. गावोगावच्या लोकांना यापेक्षा जास्त कळत होतं असं म्हणायला हरकत नाही, कारण घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचं आणि माळावर झोपडी टाकून राहायचं ही रीत होती. त्यामागचं कारण कुणाला माहीत नव्हतं, पण उपाय बरोबर होता!

जंतुशास्त्रज्ञ हाफकिनसाहेब प्लेगवर लस शोधायला ऑक्टोबर 1896 मध्ये मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये काम सुरू केलं, मटणाच्या सूपसारख्या द्रवावर तुपाचे थेंब सोडून त्याखाली जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि 10 जानेवारी 1897 ला ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट ती यांच्याच नावाची. पण लस बनवायला जंतू आत कसा येतो हे कळायची गरज नसते, त्यामुळे तो प्रश्न तसाच राहिला.

तो सोडवला पॉल लुई सिमोंद नावाच्या फ्रेंच डॉक्टरने. त्याला काही पेशंटच्या अंगावर, बहुतेक वेळा पायावर, एक छोटा फोड दिसायचा आणि गाठ यायची ती त्याच बाजूच्या जांघेत. आपल्याकडे पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं तसंच हे, म्हणजे जंतू पायातून शिरून वर चढला असणार. त्याला पिसवांचा संशय आला. 2 जून 1898 ला कराचीत त्याने एका बरणीत प्लेगने आजारी उंदीर आणि पिसवा ठेवल्या, उंदीर मरायला टेकला तेव्हा जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर वर सोडला, दोघांचा स्पर्श होणार नाही असा. काही दिवसांत वरचा उंदीरही प्लेगने मेला. एवढा साधा प्रयोग, पण बऱ्याच मोठ्या लोकांनी तो उडवून लावला आणि मुंबईत 1905 नंतर प्लेग कमिशनच्या लोकांनी परळला गिनीपिग वापरून पुन्हा पुन्हा तेच सिद्ध केलं तेव्हा कुठे गोष्ट मान्य झाली.

पिसू नेमकं करते काय हे 1914 मध्ये लंडनला बॅकॉट आणि मार्टिन यांनी दाखवलं. तिच्या जठराच्या तोंडाशी जंतूंचा चिकट बोळा बसतो, रक्त पोटात उतरतच नाही, म्हणून ती उपाशी राहते आणि वेड्यासारखी पुन्हा पुन्हा चावत सुटते, आणि ओढलेलं रक्त बोळ्यावर आपटून जंतूंसकट परत जखमेत ओकते. म्हणजे कातडीचा अडथळा जंतू स्वतः ओलांडतच नाही, त्याला आत टोचून मिळतं.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते, खरी मजा पुढे आहे. कातडीखाली पोचल्यावर आपल्या पांढऱ्या पेशींनी त्याला खाऊन टाकायला हवं. 1959 मध्ये कॅव्हॅनॉ आणि रँडल यांनी दाखवलं की पिसवेच्या अंगातल्या कमी तापमानात वाढलेला जंतू खरंच खाल्ला जातो. एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी त्याला मारून टाकतात, पण दुसऱ्या प्रकारच्या, मॅक्रोफेज, त्याला गिळतात आणि तो आत जिवंत राहतो. तिथे 37 डिग्रीच्या ऊबेत त्याच्यावर कॅप्सूल, म्हणजे एक बाहेरचं कवच, चढते आणि तो बाहेर पडतो तेव्हा त्याला कुठलीच पेशी सहज गिळू शकत नाही. म्हणजे त्याला आपल्या अंगात आलोय हे कळतं ते चक्क तापमानावरून.

मग पसरायचं कसं? शरीर जंतूभोवती फायब्रिनची (रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांची) जाळी विणून त्याला जागच्या जागी अडकवायला बघतं. प्लेगच्या जंतूकडे प्ला नावाचं एक प्रोटीन आहे, ते आपल्याच रक्तातल्या प्लास्मिनोजेनला, म्हणजे गुठळ्या विरघळवायच्या सामानाला, कामाला लावून ही जाळी विरघळवतं. 1992 मध्ये अमेरिकेत या प्ला चा जीन काढून बघितला तर कातडीखाली टोचल्यावर उंदराला मारायला सुमारे दहा लाखपट जास्त जंतू लागले, आणि तोच जंतू थेट शिरेत सोडला तर काहीच फरक नाही. मला या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात देखणा प्रयोग वाटतो, कारण प्ला विष नाहीये, ते फक्त जखमेतून बाहेर पडायची वाट मोकळी करतं हे एका फटक्यात दिसतं.

आता पेशीच्या आत शिरण्याबद्दल. 1985 मध्ये स्टॅनफर्डला इसबर्ग आणि फाल्को यांनी प्लेगच्या जंतूच्या जवळच्या भावाकडून, येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिसकडून, डीएनएचा एक तुकडा घेतला आणि प्रयोगशाळेतल्या अगदी गरीब ई. कोलाय या जंतूमध्ये घातला. तो गरीब जंतू चक्क माणसाच्या पेशींत घुसायला लागला! त्या जीनच्या प्रोटीनला इन्व्हेजिन म्हणतात, ते आपल्या पेशीवरच्या इंटिग्रिन नावाच्या प्रोटीनला असं घट्ट धरतं की पेशीच जंतूला आत ओढून घेते. हा भाऊ पोटातून येतो, त्याला आतड्याची भिंत ओलांडायची असते, त्यामुळे त्याला हे हत्यार लागतंच.

मग सगळ्यांना वाटलं प्लेगमध्ये तर हे इन्व्हेजिन अजून जोरदार असणार. झालं उलटंच. प्लेगच्या जंतूत तो जीन आहे पण मोडलेला, मध्येच डीएनएचा एक उडता तुकडा घुसून बसलाय, हे 1996 ला छापून आलं. चिकटायला मदत करणारं दुसरं एक प्रोटीन, याडए, तेही बंद. आणि 1988 मध्येच स्वीडनमध्ये रॉस्कविस्ट आणि मंडळींनी भावाच्या जंतूतले हे दोन्ही जीन मुद्दाम मोडून बघितले होते, तर तो उंदरांना कमी नाही, जास्त घातक ठरला. पिसू टोचून देत असेल तर आतड्यातून घुसायची हत्यारं ही अडगळच. 2001 मध्ये पूर्ण जीनोम वाचला तेव्हा असे सुमारे 150 मोडके जीन सापडले. आपण समजतो की जास्त घातक जंतू म्हणजे जास्त हत्यारं, इथे तसं नाही, हा बराचसा फेकाफेकी करून घातक झालाय.

जे ठेवलंय ते मात्र जबरदस्त आहे. मुख्य डीएनएपासून वेगळ्या असलेल्या डीएनएच्या एका छोट्या कड्यावर (प्लास्मिडवर) त्याच्याकडे सुईसारख्या यंत्राचे जीन आहेत, ते यंत्र पांढऱ्या पेशीला टेकवायचं आणि आत थेट प्रोटीन सोडायची, योप नावाची, की पेशीची गिळण्याची यंत्रणाच लुळी पडते. ही प्रोटीन खरोखर पेशीच्या आत जातात हे 1994 मध्ये स्वीडन आणि बेल्जियममधल्या दोन टीमनी दाखवलं, आणि योगायोग म्हणजे त्याच वर्षी आपल्याकडे बीडमध्ये आणि मग सुरतमध्ये प्लेगची बातमी आली आणि लोक मास्क बांधून गाड्या भरभरून पळाले.

दुसरी गोष्ट गप्प राहण्याची. असल्या जंतूंच्या बाहेरच्या आवरणातला एलपीएस (चरबी आणि साखरेचा बनलेला रेणू) दिसला की शरीर लगेच आरडाओरडा करतं, पण 37 डिग्रीला प्लेगचा जंतू हा एलपीएस अशा रूपात बनवतो की आपला सेन्सर तो ओळखतच नाही. 2006 मध्ये त्यात ई. कोलायचा एकच जीन घालून एलपीएस पुन्हा ओळखू येईल असा केला, तर तो जंतू उंदरांना आजारी पाडेनासा झाला. बाकी सगळी हत्यारं तशीच होती.

आणि लोह. जंतूला वाढायला लोह लागतं, शरीर ते लपवून ठेवतं, आणि प्लेगचा जंतू ते हिसकावून घ्यायची खास सोय बाळगून असतो. ती सोय गेलेले जंतू इतके दुबळे की मादागास्करमध्ये त्यांची जिवंत लस वापरली गेली. पण जॅक्सन आणि बरोज यांनी 1956 मध्येच दाखवलं होतं की उंदराला सोबत लोह टोचलं तर हे दुबळे जंतू पुन्हा जीवघेणे होतात. 2009 मध्ये शिकागोत असल्याच दुबळ्या जंतूवर काम करणारा एक संशोधक प्लेगने गेला, आणि तपासणीत कळलं की त्याला हिमोक्रोमॅटोसिस होता, म्हणजे अंगात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक आजार, आणि तो आजार आपल्याला आहे हे त्याला माहीतच नव्हतं.