एमसीए, एमएस्सी की सी-डॅक? अर्ज भरण्याआधी एवढं बघून घ्या

टीवायचं, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाचं, शेवटचं सेमिस्टर सुरू झालं की घरीदारी एकच विषय असतो, पुढे काय करणार? माझं मत आधीच सांगते. सॉफ्टवेअरमध्येच नोकरी करायची असेल आणि हातात दोन वर्षं असतील, तर पहिला विचार एमसीएचा (मास्टर ऑफ कॉम्प्युटर अॅप्लिकेशन्स) करा. पूर्वी तीन वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम २०२० पासून दोन वर्षांचा झाला आहे. शिकवायची किंवा संशोधनाची ओढ असेल तर एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स. त्याचे प्रवेश विद्यापीठं आणि महाविद्यालयं आपापल्या पद्धतीने देतात. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा पीजी-डॅक हा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा, त्यांची सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन मिळणारा. शिकवतात कसून, पण ती पदविका आहे, पदवी नाही. उद्या बँकेच्या आयटी ऑफिसर पदाचा फॉर्म भरताना बीएस्सी किंवा बीसीएवाल्याला हा फरक नडतो, कारण तिथे सहसा एमसीए किंवा एमएस्सी लागते.

एमसीएसाठी पदवीला किमान ५० टक्के हवेत, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४५. बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटरवाल्यांना अडचण नाही. बीकॉम, बीएवाल्यांनी मात्र बारावीची आणि पदवीची गुणपत्रिका काढून गणित होतं का ते बघावं आणि यंदाच्या माहितीपुस्तिकेतला पात्रतेचा नियम स्वतः वाचावा. त्यांना प्रवेशानंतर ब्रिज कोर्स, म्हणजे संगणकाच्या मूलभूत विषयांचा जोडअभ्यासक्रम, करावा लागू शकतो. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही सीईटी, म्हणजे एमसीएची राज्याची प्रवेश परीक्षा, देता येते.

सीईटीत १०० प्रश्न, २०० गुण, ९० मिनिटं. संगणकाचे प्रश्न फक्त २०, गणित-संख्याशास्त्र आणि तर्क यांचे प्रत्येकी ३०. म्हणजे तयारी कुठे करायची ते उघड आहे. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती यापुढे. सीईटीची नोंदणी म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे! निकालानंतर कॅपसाठी (राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) वेगळी नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, गुणवत्ता यादी, मग महाविद्यालयांचे पसंतीक्रम. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा पक्की धरली जाते, म्हणून यादीत वर तेच घाला जिथे खरोखर जायचं आहे.

कॅपमधून मिळालेल्या प्रवेशाचा आणखी एक मोठा फायदा आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. त्यासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही माफी नाही.

कागदपत्रं आजच काढायला घ्या: दहावी-बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला आणि जात वैधता, ओबीसींना शिवाय नॉन-क्रीमीलेअर. गेल्या वर्षी एक मुलगी फाइल घेऊन माझ्याकडे आली. सगळं नीट प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातलेलं. नॉन-क्रीमीलेअर उलटून पाहिलं तर खाली मुदत ३१ मार्चची, तीही आधीच उलटून गेलेली. तपासणीला दोन दिवस उरले होते आणि सेतूत रांग दारापर्यंत. तुमच्या दाखल्यावरची तारीख आज रात्रीच बघा. आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव पदवीच्या गुणपत्रिकेवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का, तेही.