डनबारचं घर आणि डेटन

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं डेटन जगाला राइट बंधूंमुळे ठाऊक आहे. त्याच शहराच्या पश्चिम भागात विटांचं एक दुमजली घर आहे. घरासमोरच्या रस्त्याला आज पॉल लॉरेन्स डनबारचं नाव आहे. तो तिथे राहायला आला, १९०४ मध्ये, तेव्हा ती साधी समिट स्ट्रीट होती.

डेटन आपल्या या कृष्णवर्णीय कवीचा मान राखतं, पण हा मान राखायची सुरुवात शहराने केली नाही. ती त्याच्या आईने केली.

माटिल्डा आणि जोशुआ, डनबारचे आईवडील, दोघेही केंटकीत गुलामगिरीत वाढलेले. जोशुआ कॅनडाला निसटला होता आणि यादवी युद्धात लढायला परत आला. पॉलचा जन्म २७ जून १८७२ चा. संसार फार दिवस टिकला नाही, आणि माटिल्डाने लोकांचे कपडे धुऊन मुलाला वाढवलं. पॉल शहराच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये गेला. त्याच्या वर्गात तो एकटाच कृष्णवर्णीय, तरी शाळेच्या वार्तापत्राचा संपादक तोच आणि साहित्य मंडळाचा अध्यक्षही तोच. ऑर्व्हिल राइट त्याच्या वर्गात होता. १८९० मध्ये पॉलने कृष्णवर्णीय वाचकांसाठी ‘डेटन टॅटलर’ नावाचं साप्ताहिक काढलं, ते छापलं राइट बंधूंच्या छापखान्यात. पैशाअभावी ते लवकरच बंद पडलं.

१८९१ मध्ये शाळा संपली आणि शहराचा दुसरा चेहरा समोर आला. ज्याने शाळेचं वार्तापत्र चालवलं त्याला लिहिण्यावाचण्याचं काम कोणी देईना. अखेर कॅलाहन बिल्डिंगमध्ये तो लिफ्ट चालवू लागला, आठवड्याला ४ डॉलर पगारावर. ‘ओक अँड आयव्ही’ हा पहिला संग्रह छापायला १२५ डॉलर लागले. ते फेडण्यासाठी त्याने लिफ्टमध्ये येणाऱ्या माणसांना डॉलरला एक प्रत विकली. हे मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा दोन मजल्यांच्या मधल्या त्या मिनिटभरात तो गिऱ्हाइकाशी काय बोलत असेल, हेच डोक्यात घोळत राहतं.

१८९६ मध्ये विल्यम डीन हॉवेल्स या मोठ्या समीक्षकाने ‘हार्पर्स वीकली’त त्याच्याविषयी लिहिलं आणि तो देशभर गाजला. पण हॉवेल्सने उचलून धरल्या त्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतल्या कविता. प्रमाण इंग्रजीत डनबारने जे लिहिलं, मुखवटा घालून हसणाऱ्या माणसांची वेदना, पिंजऱ्यातला पक्षी का गातो हे सांगणारी कविता, ते बाजूला पडलं. त्या निवाड्याने आपलं कधीच भरून न येणारं नुकसान केलं, असं त्याने १८९७ मध्ये एका पत्रात लिहिलं. पिंजऱ्यातल्या पक्ष्याची ती ओळ पुढे कृष्णवर्णीय लेखिका माया अँजेलोने १९६९ मधल्या आत्मचरित्राच्या नावासाठी घेतली, तेव्हा ती जगभर गेली.

क्षयाने खंगलेला डनबार डेटनला परतला आणि आईसाठी समिट स्ट्रीटवरचं घर घेतलं. ९ फेब्रुवारी १९०६ रोजी तिथेच तो गेला. वय अवघं ३३.

माटिल्डा त्या घरात आणखी २८ वर्षं राहिली. मुलाची अभ्यासिका, त्याचं टेबल, टाइपरायटर, पुस्तकं, सगळं तिने सांभाळलं. १९३४ मध्ये ती वारली आणि १९३६ मध्ये ओहायो राज्याने ते घर स्मारक म्हणून ताब्यात घेतलं. कृष्णवर्णीय माणसाच्या नावाने त्या राज्याने केलेलं ते पहिलं स्मारक. पाहुण्यांना आज त्या घरात दिसतं ते बरंचसं तिने राखलेलं आहे.

शहराने स्वतःहून दिलेला मान मात्र इतका सरळ नव्हता. १९३३ मध्ये डेटनमध्ये डनबार हायस्कूल निघालं. शिक्षक कृष्णवर्णीय, मुख्याध्यापक कृष्णवर्णीय, आणि विद्यार्थीही सगळ्या शहरातून येणारे कृष्णवर्णीयच. गोऱ्या मुलांच्या मांडीला मांडी लावून शिकलेल्या कवीचं नाव वेगळ्या काढलेल्या शाळेला मिळालं. डेटनच्या शाळांमधल्या या विभागणीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७९ च्या निकालात या शाळेचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही त्या शाळेचा कृष्णवर्णीय डेटनकरांना अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. तिथे त्यांच्या मुलांना त्यांच्याच माणसांनी शिकवलं.

घराला १९६२ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. १९९२ मध्ये डेटनमध्ये विमानविद्येच्या वारशाचं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यात राइट बंधूंच्या दुकानाबरोबर डनबारचं घरही घेतलं गेलं. विमानांच्या उद्यानात कवीचं घर कसं, असं वाटेल. पण तो छापखाना आठवला की हा जोड ओढूनताणून आणलेला वाटत नाही. आजूबाजूच्या वस्तीलाही आता दोघांचं मिळून राइट-डनबार हेच नाव आहे.

वुडलँड दफनभूमीत राइट बंधूंच्या कबरी आहेत, डनबारचीही आहे. मला विलोच्या झाडांखाली गवतात निजवा, असं त्याने एका कवितेत मागितलं होतं. त्याच्या कबरीवर त्याच ओळी आहेत, बोलीतल्या, त्याने लिहिल्या तशाच.