बर्नचा जुरा : नाव एक, प्रदेश तीन वेळा वेगळा

स्वित्झर्लंडमधला बर्न कॅन्टन, म्हणजे बर्न प्रांत, बहुतांशी जर्मनभाषक. त्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या बर्नच्या जुरात मात्र फ्रेंच चालते. तिथल्या लोकसंख्येचे जुने-नवे आकडे शेजारी मांडून फ्रेंच वाढली की घटली हे काढायला बसलात, तर फसगत ठरलेली. नाव तेच राहिले आणि प्रदेश बदलत गेला.

१८१५ मध्ये व्हिएन्ना परिषदेने बाझलच्या बिशपचा बहुतेक मुलूख बर्नला दिला. १९७८ पर्यंत या नावात सात जिल्हे मोडत. १९७९ च्या १ जानेवारीला उत्तरेचे तीन जिल्हे फुटून जुरा कॅन्टन झाला. जर्मनभाषक लाउफन जिल्हा १९९४ मध्ये बाझल-लांडशाफ्ट कॅन्टनला मिळाला. उरले कुर्तलारी, मुतिए आणि ला नोव्हव्हील.

हे तीन का राहिले, यावर अजून वाद होतो. २३ जून १९७४ ला संपूर्ण जुराचा कौल घेतला : वेगळे होण्याच्या बाजूने ३६,८०२, विरोधात ३४,०५७. पण नियमच असा की निकालानंतर जिल्ह्यांना पुन्हा विचारायचे आणि मग सीमेवरच्या गावांना. मार्च १९७५ मध्ये दक्षिणेचे तिन्ही जिल्हे बर्नसोबत राहिले. सप्टेंबरात मुतिए जिल्ह्यातली आठ गावे उत्तरेकडे गेली, मुतिए शहर थोडक्यात राहिले. वेलेरा या चिमुकल्या गावाला उत्तरेकडे जायचे होते, पण ते सीमेला लागून नव्हते, म्हणून त्याला विचारलेच नाही. त्याला १९९६ पर्यंत थांबावे लागले. गाव हा घटक मानायचा आणि सलगतेच्या अटीवर त्याच गावाचे तोंड बंद करायचे, हा अन्यायच होता.

भाषा दोन्हीकडे फ्रेंचच. फरक धर्माचा : उत्तर कॅथलिक, दक्षिण प्रोटेस्टंट. शिवाय एकोणिसाव्या शतकात घड्याळांच्या कामासाठी जर्मनभाषक कुटुंबे दक्षिणेच्या खोऱ्यांत उतरली. त्यांची मुले-नातवंडे फ्रेंच बोलू लागली, घराण्याचे मूळगाव मात्र बर्नकडचेच राहिले. ‘जुराचा माणूस’ कोण, इथे राहणारा की इथल्या मुळाचा, यावरून मतदानाचा हक्क कोणाला हा वाद पेटला तो यामुळेच. डोंगरमाथ्यावरच्या शेतवाड्यांत स्थिरावलेल्या अ‍ॅनाबाप्टिस्ट (प्रौढपणी बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ती पंथ) कुटुंबांनी जर्मन जपली. शेल्टन आणि झेहोफ ही दोन छोटी गावे आजही जर्मनभाषक आहेत.

२०१० मध्ये तिन्ही जिल्हे मिळून एकच प्रशासकीय प्रदेश झाला. मुतिए शहर धरून वस्ती सुमारे ५३ हजार होती. २०१३ मध्ये या प्रदेशाने जुरा कॅन्टनशी एकत्रीकरणाला मोठ्या बहुमताने नकार दिला, पण मुतिएने होकार दिला. २०१७ मध्ये शहराने १३७ मतांच्या फरकाने जुरा निवडला. मतदारयादीतले घोळ आणि नगरपालिकेचा प्रचार या कारणांवरून ते मतदान रद्द झाले. मार्च २०२१ मध्ये पुन्हा मतदान झाले आणि फरक वाढला : २,११४ विरुद्ध १,७४०.

१ जानेवारी २०२६ ला मुतिए शहर जुरा कॅन्टनमध्ये गेले आणि त्याबरोबर सात हजारांवर माणसे बर्नच्या जुराच्या तक्त्यातून उतरली. एकानेही घर बदललेले नाही.