नौकेवर उतरताना इंजिन बंद करतात का?

"विमानवाहू नौकेवर चाकं टेकताच वैमानिक इंजिन बंद करून ब्रेक दाबतो," असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे. पण तारेच्या आधाराने उतरणारी लढाऊ विमानं नेमकं उलट करतात: चाकं टेकताक्षणी थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण पुढे, म्हणजे इंजिन पूर्ण जोरात!

शेपटीखालचा हुक डेकवरच्या आडव्या पोलादी तारेत अडकावा लागतो. तो निसटला तर थांबायला जागाच नसते, लगेच पुन्हा उडावं लागतं. म्हणून तर अशा नौकांवर उतरण्याची पट्टी तिरकी, पुढे मोकळा समुद्र. तार सापडली, की ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेग दोन-तीन सेकंदांत शून्यावर. केवढी छाती लागत असेल!

खात्री करायचीय? अशा लँडिंगचा व्हिडिओ आवाज चालू ठेवून पाहा. टेकताना इंजिनाची गर्जना वाढते. विमान थांबल्यावरच ओसरते.