‘उपायच नाही, तर लवकर कळून काय उपयोग?’

आनुवंशिक आजाराचं निदान लवकर झालं काय नि उशिरा झालं काय, सारखंच; उलट आईबापांच्या जिवाला घोर, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यामागची धास्ती खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा.

फिनाइलकीटोन्युरिया घ्या. यात प्रथिनांमधलं फिनाइलअ‍ॅलनिन शरीरात नीट मोडत नाही, साठत जातं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. जन्मतः बाळ अगदी निरोगी दिसतं. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून संशय येतो, आणि पहिल्या काही दिवसांतच खास आहार सुरू झाला, तर मेंदूची मोठी हानी टळते. लक्षणांची वाट पाहिली, तर झालेली हानी सहसा भरून येत नाही. जनुकातला दोष तोच, फरक वेळेचा.

ड्यूशेन स्नायुक्षय, म्हणजे मुलांचे स्नायू हळूहळू दुबळे करत नेणारा आजार, पूर्ण बरा होत नाही, हे खरं. काही पालकांना नकळत गेलेली निर्धास्त वर्षं मोलाची वाटतात, आणि ते समजण्यासारखं आहे. पण तिथेही औषधं आणि हृदयाची तपासणी वेळेवर सुरू करता येते. शिवाय आई वाहक असेल, म्हणजे सदोष जनुक तिच्याकडे असेल, तर पुढच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता ५० टक्के असते. उशिरा कळतं तेव्हा अनेकदा दुसरं मूल झालेलं असतं.

पडताळायचं तर बालरोगतज्ज्ञांना किंवा जनुकतज्ज्ञांना आजाराचं नाव घेऊन विचारा: आज कळलं तर काय बदलेल, दोन वर्षांनी कळलं तर काय? आणि प्राथमिक चाचणीत दोष आला, म्हणजे निदान झालं असं नव्हे. खात्रीची चाचणी वेगळी असते.