सेंट मेरी चर्च, अ‍ॅशवेल

इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यातील अ‍ॅशवेल गावाचे मध्ययुगीन पॅरिश चर्च. एकेकाळी हे गाव बाजारपेठ म्हणून भरभराटीला आलेले होते आणि त्याची जमीनदारी वेस्टमिन्स्टर मठाकडे होती. चर्च मुख्यतः चौदाव्या शतकात बांधले गेले. त्याचा मनोरा सुमारे १७६ फूट उंच असून परगण्यातील पॅरिश चर्चमध्ये तो सर्वांत उंच मानला जातो.

बांधकाम चालू असतानाच, १३४८ मध्ये, प्लेगची साथ इंग्लंडमध्ये आली आणि देशाची निदान एक तृतीयांश लोकसंख्या दगावली. या चर्चचे खरे मोल त्या काळाशी जोडलेले आहे. मनोऱ्याच्या आतल्या उत्तर भिंतीवर कुणीतरी अणकुचीदार हत्याराने लॅटिन ओळी कोरून ठेवल्या आहेत. एक हजार, तीन वेळा शंभर, पाच वेळा दहा, अशी १३५० या सालाची फोड करून लिहिणारा सांगतो, की काळ दीनवाणा, क्रूर, हिंसक होता. साक्षीला उरली ती हीन-दीन रयत. पुढची ओळ सोसाट्याच्या वाऱ्याची आहे: सेंट मॉरसच्या दिवशी तो जगभर गरजला, साल १३६१. हे वादळ आजच्या गणनेने १५ जानेवारी १३६२ चे. तेव्हा इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला लागत असे, म्हणून भिंतीवर आधीचे साल आहे. याच वादळात नॉर्विच कॅथीड्रलचा कळस कोसळला होता.

राजदरबारच्या आणि मठांच्या बखरी पुष्कळ आहेत. गावच्या चर्चच्या भिंतीवर जगलेल्यांनी स्वतःविषयी लिहिलेले असे शब्द मात्र फार दुर्मीळ, आणि म्हणूनच या चार ओळींपुढे मोठमोठी शिल्पे फिकी वाटतात.

कोरणे सोपे गेले ते दगडामुळे. इथला ‘क्लंच’ हा खडूच्या जातीचा मऊ दगड नखानेही खरवडता येतो. त्यामुळे खांबांवरही जागोजाग लिखाण सापडते. सांधे नीट जुळले नाहीत म्हणून चिडलेल्या कुणाची तक्रारही त्यात वाचली जाते. एका भिंतीवर उंच कळसाच्या कॅथीड्रलचे रेखाचित्र आहे. ते लंडनचे जुने सेंट पॉल्स असावे असे सामान्यतः मानतात. त्या इमारतीचा कळस १५६१ मध्ये वीज पडून गेला आणि उरलेली वास्तू १६६६ च्या आगीत भस्मसात झाली.

क्लंच ऊनपावसात झिजतो. त्यामुळे मनोऱ्याची डागडुजी पिढ्यान्‌पिढ्या करावी लागली आहे. चर्च आजही नित्य उपासनेत आहे.