पावसाळ्यात उठणारा कुत्र्या-मांजरांच्या लघवीचा वास: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मिरगाचा पाऊस लागला की आमच्याकडे फोन वाढतात आणि तक्रार बहुतेक एकच असते: "उन्हाळ्यात काही वास नव्हता, आता सोप्यात बसवत नाही." दरवेळी जनावरानं नव्यानं काही केलेलं असतं असं नाही. मार्च-एप्रिलमध्ये जे फरशीत मुरून वाळलं, तेच ओल धरून पुन्हा उठतं.

लघवीतला युरिया जिवाणू फोडतात आणि त्यातून नाकाला झोंबणारा अमोनिया सुटतो. हा भाग पाण्यानं निघतो. पण लघवीत युरिक आम्लही असतं. त्याचे बारीक स्फटिक होतात, ते साध्या पाण्यात सहजी विरघळत नाहीत आणि दगडाच्या छिद्रांत, फरशीच्या सांध्यांत चिकटून बसतात. बोक्याच्या लघवीत त्याशिवाय गंधकाची द्रव्यं असतात, म्हणून तो वास जास्त उग्र. आपल्या बेळगाव जिल्ह्यात अथणीकडच्या कोरड्या हवेत हे सगळं वर्षातले बरेच महिने दबून राहतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळाभर भिंतींना ओल असते, तिथं ते दबतच नाही.

म्हणून आमचं पहिलं सांगणं: बादलीभर पाणी ओतू नका. पाण्याबरोबर लघवी सांध्यांतून फरशीखालच्या भरावात उतरते, आणि तिथून ती काढायची तर फरशीच उचलावी लागते. फिनेलनं वास झाकला जातो, जात नाही. काळ्या फिनेलमधला फिनॉल तर मांजराला विषारी आहे. त्याच्या यकृताला तो नीट पचवता येत नाही, आणि मांजर फरशीवर चालून पंजे चाटतंच.

ताजं असेल तर

जुनं सुती धोतर किंवा पंचा घडी करून डागावर ठेवा आणि पायानं दाबा. घासू नका. कापड ओलं झालं की घडी बदला, कोरडं निघेपर्यंत दाबत राहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचा निम्मा त्रास इथंच वाचतो.

जुना डाग

आधी तो सापडला पाहिजे. रात्री दिवे घालवून अतिनील टॉर्च जमिनीलगत तिरकी धरा, डाग पिवळट-हिरवट चमकतो. साबणाचे ओघळही कधी कधी चमकतात, म्हणून नाक लावून खात्री करा आणि खडूनं रेघ मारून ठेवा.

मग एन्झाइमचं क्लीनर, म्हणजे लघवीतली वासाची द्रव्यं फोडणारं औषध. पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात मिळतं. त्याआधी फिनेल-साबणाचा अंश ओल्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर एन्झाइमचं काम मंदावतं. लघवी जितकी खोल गेली तितकंच खोल औषध जायला हवं, त्यामुळे वरवर फवारून भागत नाही. डाग भिजवा, वर प्लास्टिक झाका आणि रात्रभर तसंच ठेवा. आपल्या पावसाळ्याचा इथं फायदाच होतो, औषध लवकर वाळत नाही. सकाळी टिपून घ्या आणि लगेच पंखा लावा. दिवसभरात कोरडं झालं नाही तर बुरशी धरते आणि एका वासाच्या जागी दोन होतात. खिडकीबाहेर पाऊस कोसळत असेल तर खिडकी लावून पंखा चालवा. बाहेरची ओली हवा आत घेऊन काही वाळत नाही. जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावं लागतं.

शहाबादी, कडप्पा आणि कोबा

इकडच्या जुन्या घरांत सर्वांत जास्त नुकसान होतं ते इथं. शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीचे दगड. व्हिनेगर, लिंबू किंवा संडासाचं ॲसिड पडलं की दगड खाल्ला जातो, पॉलिश जाऊन पांढुरका चट्टा उरतो. तो धुऊन जात नाही, फरशी पुन्हा घासून पॉलिश करावी लागते. तांबड्या कोब्यालाही ॲसिड चालत नाही, कारण तो सिमेंटचा आहे. या तिन्हींवर फक्त एन्झाइम आणि साधं पाणी वापरा. व्हिट्रिफाइड टाइल स्वतः शोषत नाही, लघवी मुरते ती सांध्यांत, तेवढेच जुन्या दातब्रशनं घासा.

शेणानं सारवलेल्या जमिनीला औषध नको. ओला थर खरवडून टाका, वाळू द्या आणि पुन्हा सारवा.

घोंगडीला एन्झाइम लावू नका. बऱ्याच क्लीनरमध्ये प्रथिनं पचवणारं एन्झाइम असतं आणि लोकर हे प्रथिनच, धागा कमकुवत होतो. थंड पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून धुवा, पिळू नका. गरम पाणी कुठल्याच कापडाला नको, डाग पक्का होतो. कापसाची गादी खोलवर भिजली असेल तर उसवून कापूस उन्हात घालून पिंजून घेणं हाच खरा उपाय. त्यासाठी उघडीप बघावी लागते.

हे कधीही करू नका

लघवीच्या जागेवर ब्लीचिंग पावडर टाकू नका. अमोनियाशी मिळून क्लोरामाइनचा विषारी वायू होतो. ब्लीच आणि संडासाचं ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन सुटतो. दारं बंद असलेल्या न्हाणीघरात हे जिवावर बेतू शकतं.

डॉक्टरांकडे आधी

शिकवलेलं जनावर अचानक घरात करू लागलं तर आधी पशुवैद्याला दाखवा. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, किडनीचा आजार, यातलं काहीही असू शकतं. बोका वारंवार बसतो, कण्हतो आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, मार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बोका भिंतीवर फवारे मारत असेल तर नसबंदीनं बहुतेकदा ते थांबतं. मारून किंवा नाक घासून काही साधत नाही, जनावर फक्त लपून करायला शिकतं.

फुगलेलं प्लायवूड आणि वर्षभर भिजत आलेली फोमची गादी आम्हीही वाचवू शकत नाही. त्याचे पैसे आम्ही घेत नाही, बदला म्हणून सांगतो. आम्हाला बोलवायचं ठरलं तर आदल्या दिवशी फिनेल मारू नका आणि अगरबत्ती लावू नका, डाग नाकानं शोधता आला पाहिजे. फरशी कोणती आहे, खाली भराव आहे की स्लॅब, आणि घरात मांजर आहे का, एवढं फोनवरच सांगा. त्यावरून कोणतं औषध आणायचं ते ठरतं.